लांब डोळा, आखूड डोळा आणि एकच काठी

#थ्रेड : लघुदृष्टीच्या डोळ्यातील चेतातंतूंच्या मोजणीचा इतिहास

१/
२० जानेवारी १८२३ रोजी, आजच्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे विल्यम लॅम्ब्टन हा इंग्रज अधिकारी मरण पावला. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा तो प्रवर्तक होता. हैदराबादेहून नागपूरकडे जात असता वाटेतच त्याचा अंत झाला आणि त्याची कबरही हिंगणघाटलाच झाली. आयुष्याची अखेरची वीस वर्षे तो एका प्रश्नामागे होता : आकाशात मोजलेला एक अंश जमिनीवर नेमका किती लांब असतो?

२/
हिंगणघाटच्या दक्षिणेस, यवतमाळ जिल्ह्याच्या झरी जामणी तालुक्यात मुकुटबन आहे. कोळसा आणि चुनखडीचा हा प्रदेश. आजूबाजूला कोलाम आणि गोंड वस्त्या, पलीकडे तेलंगणाची सीमा. मोठ्या तपासणीसाठी येथील माणसांची वाट यवतमाळ, चंद्रपूर वा नागपूरकडे जाते. जाड चष्म्याचा एखादा तरुण तेथे डोळ्याचा 'ओसीटी' काढतो आणि अहवालावर लाल पट्टा उमटतो. तो लाल पट्टा वाचण्यासाठी लॅम्ब्टनचाच प्रश्न पुन्हा विचारावा लागतो.

३/
मित्रहो, आजचा धागा त्या लाल पट्ट्याचा इतिहास सांगणारा आहे. दृष्टिपटलावरील चेतातंतूंचा थर माणसाला प्रथम दिसला कसा, तो मोजण्याची काठी कोणी घडवली, आणि लघुदृष्टीच्या डोळ्यांपुढे ती काठी का अडखळते, हे क्रमाने पाहू. यात भौतिकशास्त्र आहे, भूगोल आहे आणि नागपूरजवळची आठ खेडीही आहेत.

४/
प्रथम रचना. डोळ्याच्या मागील भिंतीवर दृष्टिपटल असते. त्यातील पेशींतून निघालेले सुमारे दहा ते बारा लाख अतिसूक्ष्म तंतू पृष्ठभागावरून सरकत एका वर्तुळाकार द्वाराशी एकत्र येतात आणि तेथून दृष्टिचेता होऊन मेंदूकडे जातात. त्या द्वाराला आपण येथे 'चेतामुख' म्हणू. तंतू चेतामुखाजवळ दाटीने येतात, म्हणून तेथे थर जाड असतो. जसजसे दूर जावे तसतसा तो पातळ होतो. हे एक वाक्य लक्षात ठेवावे. पुढील सारा वाद त्यावरच उभा आहे.

५/
काचबिंदूत हेच तंतू हळूहळू मरतात. मोतीबिंदूत भिंग गढूळ होते आणि शस्त्रक्रियेने दृष्टी परत मिळते. काचबिंदूत गेलेला तंतू परत येत नाही. म्हणून तंतू किती उरले आहेत, हे वेळेवर कळणे हीच खरी चिकित्सा. भारताचा राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ मध्ये सुरू झाला, तेव्हा त्याचा मुख्य भर मोतीबिंदूवर होता आणि तो योग्यच होता. १९९४ मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने सात राज्यांत मोतीबिंदूची मोठी मोहीम निघाली. त्यांत महाराष्ट्रही होता. काचबिंदूची लढाई मात्र मोजमापाची होती आणि ती उशिरा आपल्यापर्यंत पोहोचली.

६/
आता लघुदृष्टी. जवळचे स्पष्ट, दूरचे धूसर. १६०४ मध्ये योहानेस केप्लरने प्रतिमा दृष्टिपटलावर उमटते हे मांडले आणि लघुदृष्टीच्या डोळ्यात किरण त्याच्या अलीकडेच एकत्र येतात, म्हणून अंतर्गोल भिंग उपयोगी पडते, हे स्पष्ट केले. १८५० च्या दशकात फर्डिनांड आर्ल्टने त्याचे शारीरिक कारण दाखवले : असा डोळा बहुधा पुढून मागे लांब झालेला असतो. लांबी एक मिलिमीटरने वाढली, की चष्म्याचा नंबर साधारण अडीच ते तीनने वाढतो.

७/
मात्र जिवंत डोळ्याची मागची भिंत तोवर कुणाला नीट पाहता आली नव्हती. बाहुली काळीच दिसे. १८५१ मध्ये हेल्महोल्ट्झने नेत्रदर्शकाचे वर्णन प्रसिद्ध केले आणि प्रथमच माणूस दुसऱ्या माणसाच्या डोळ्याच्या तळाशी पाहू लागला. त्याच वर्षी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून पदवीधरांची पहिली तुकडी बाहेर पडली; भाऊ दाजी लाड त्यांतलेच. आपल्याकडील आधुनिक वैद्यक आणि नेत्रतळाचे दर्शन असे समवयस्क आहेत.

८/
नव्या उपकरणाने पहिल्याच पावली चकवा दिला. १८५४ च्या सुमारास अल्ब्रेख्ट फॉन ग्रेफसारख्या श्रेष्ठ नेत्रवैद्यालाही काचबिंदूतील चेतामुख फुगवट्यासारखे उंच भासले. एका डोळ्याने पाहताना खोलीचा अंदाज फसला होता. लवकरच ध्यानात आले की तो फुगवटा नसून खळगा आहे. साधन नवे असले, की त्याने दाखवलेली आकृती आणि तिचा अर्थ यांत अंतर राहते. हे सूत्र पुढे दीडशे वर्षे पुन्हा पुन्हा भेटते.

९/
याच काळात लघुदृष्टीचे सामाजिक रूप समोर आले. १८६७ मध्ये हेरमान कोन याने ब्रेसलाउ (आजचे पोलंडमधील व्रोत्स्वाफ) परिसरातील १०,०६० विद्यार्थ्यांच्या डोळ्यांच्या तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. इयत्ता जितकी वरची, तितकी लघुदृष्टी अधिक, असे त्याला आढळले. शाळा आणि चष्मा यांचे नाते तेव्हापासून अभ्यासकांच्या पटलावर आहे. ज्या प्रदेशात शिक्षण झपाट्याने पसरते, तेथे पुढच्या पिढीचे डोळे लांबण्याची शक्यता वाढते.

१०/
चेतातंतूंचा थर मात्र अजूनही अदृश्यप्रायच होता, कारण तो जवळजवळ पारदर्शक असतो. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात स्विस नेत्रवैद्य आल्फ्रेड व्होग्ट याने प्रकाशातून लाल रंग गाळून पाहिले. लाल किरण खोल शिरतात. हिरवे-निळे किरण वरच्या थरावरून परततात. त्या हिरवट उजेडात दृष्टिपटलावर रेशमी धाग्यांसारख्या रेषा चमकल्या. तंतू दिसू लागले.

११/
१९७३ मध्ये विल्यम हॉइट आणि सहकाऱ्यांनी काचबिंदूच्या रुग्णांत या रेषांमधील खंड टिपले. १९८२ मध्ये हॅरी क्विग्ली आणि सहकाऱ्यांनी मृत्यूनंतर मिळालेल्या दृष्टिचेतांतील तंतू मोजले. निष्कर्ष धक्कादायक होता : त्या काळच्या दृष्टिक्षेत्र-चाचणीत दोष उमटण्यापूर्वीच काहींचे ४० टक्क्यांपर्यंत तंतू गेलेले असू शकतात. १९९१ मध्ये आल्फ्रेड सॉमर यांच्या गटाने दाखवले, की थरातील खंड दृष्टिक्षेत्र बिघडण्याच्या कित्येक वर्षे आधी दिसू शकतो.

१२/
येथे लघुदृष्टीचा पहिला अडथळा आला. लांबलेल्या डोळ्याची भिंत ताणलेली आणि फिकट असते. त्या फिकट पार्श्वभूमीवर तंतूंच्या रेषा छायाचित्रात उठून दिसत नाहीत. ज्यांना काचबिंदूचा धोका अधिक, त्यांचाच थर पाहणे कठीण, असा हा विचित्र पेच होता. नजरेने पाहण्याऐवजी अंकांत मोजता आले, तर तो सुटेल अशी आशा होती.

१३/
तो अंक १९९१ च्या नोव्हेंबरात आला. अमेरिकेतील एमआयटीमधील डेव्हिड हुआंग, एरिक स्वान्सन, जेम्स फुजिमोटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सायन्स' नियतकालिकात ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी मांडली. तत्त्व ध्वनिलहरींच्या सोनोग्राफीसारखे, पण ध्वनीच्या जागी प्रकाश. परावर्तित किरण किती उशिरा आला, हे संदर्भकिरणाशी जुळवून पाहायचे आणि त्यावरून थरांची खोली काढायची. अचूकता मायक्रॉनांत, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत. १९९६ मध्ये हे यंत्र बाजारात आले. २००२ नंतर मोठ्या रुग्णालयांत रुळले.

१४/
यंत्र काय करते? चेतामुखाभोवती सुमारे ३.४ मिलिमीटर व्यासाचे वर्तुळ आखते आणि त्या परिघावर थराची जाडी मोजते. निरोगी प्रौढांत सरासरी ढोबळमानाने शंभर मायक्रॉनच्या आसपास भरते. २००४ मध्ये दिल्लीच्या एम्समधील अभ्यासात १४६ निरोगी भारतीयांची सरासरी सुमारे १०४ मायक्रॉन आली. नंतर यंत्र तो आकडा आपल्याजवळच्या निरोगी माणसांच्या नोंदींशी ताडते आणि रंग देते : हिरवा, पिवळा, लाल. लाल म्हणजे, इतका पातळ थर निरोगी शंभरांत एकाहूनही कमी जणांत आढळतो.

१५/
वैद्याच्या हाती अंक आला, रुग्णाच्या हाती रंग. रंगाला भाषांतर लागत नाही. लाल दिसला की माणूस घाबरतो. पण यंत्राने गृहीत धरलेल्या दोन गोष्टी रंगात दिसत नाहीत. पहिली, डोळ्याची लांबी. दुसरी, 'निरोगी' म्हणून मोजलेली माणसे. दोन्ही नीट पाहू.

१६/
यंत्र डोळ्याच्या आत पट्टी ठेवत नाही. बाहेरून ते एका ठरावीक कोनात किरण फिरवते. तो कोन आत भिंतीवर किती मिलिमीटर व्यापेल, हे भिंत किती दूर आहे त्यावर अवलंबून. लॅम्ब्टनचा प्रश्न तो हाच : कोन ठाऊक आहे, अंतर किती? १७३५-३६ मध्ये फ्रेंच मोहिमा पेरू आणि लॅपलँडला याचसाठी गेल्या होत्या आणि पृथ्वीच्या आकारामुळे एका अंशाची लांबी ठिकाणागणिक बदलते, हे त्यांतून सिद्ध झाले. भारतात लॅम्ब्टनने १८०२ मध्ये मद्रासेत पायारेषा मोजली आणि द्वीपकल्पाच्या टोकापासून बीदरच्या परिसरापर्यंत सुमारे दहा अंशांची कमान बांधत आणली.

१७/
डोळ्यासाठी ही दुरुस्ती १९८२ मध्ये हान्स लिटमनने सूत्रबद्ध केली आणि १९९४ मध्ये बेनेट यांनी ती सोपी केली. डोळ्याच्या लांबीतून १.८२ वजा करा. उरलेल्या संख्येच्या प्रमाणात भिंतीवरचे अंतर वाढते किंवा घटते. प्रचलित यंत्रांपैकी 'सिरस' २४.४६ मिलिमीटर लांबीचा डोळा गृहीत धरते आणि त्यात ३.४६ मिलिमीटरचे वर्तुळ आखते.

१८/
आता वही घ्या. डोळा २७ मिलिमीटरचा असेल, म्हणजे बऱ्याच नंबरचा, तर २५.१८ ला २२.६४ ने भागा : १.११. वर्तुळ ३.४६ चे उरत नाही, सुमारे ३.८५ मिलिमीटरचे होते. ते चेतामुखापासून दूर सरकले, आणि दूर गेले की थर पातळ असतो. तेवढेच तंतू मोठ्या परिघावर पसरले असे धरले, तर जेथे ९५ मायक्रॉन भरायला हवे होते, तेथे सुमारे ८५ भरतील. एकही तंतू मेलेला नाही. दहा मायक्रॉन मात्र हरवले.

१९/
दुसरा चकवा आकाराचा. चेतामुखाच्या वरून आणि खालून तंतूंचे दोन जाड झोत येतात. आलेखात त्यांची दोन शिखरे दिसतात. लांबलेल्या डोळ्यात ही शिखरे पीतबिंदूच्या बाजूला सरकतात. यंत्राचा रंगपट्टा जागचा हलत नाही. परिणामी शिखर जेथे अपेक्षित, तेथे उतार सापडतो आणि तो भाग लाल होतो. पीतबिंदूकडील भाग उलट नेहमीपेक्षा जाड दिसतो. लघुदृष्टीच्या डोळ्यांत वारंवार भेटणाऱ्या अशा फसव्या लालीला नेत्रवैद्यांनी 'रेड डिसीज' हे नावच देऊन टाकले.

२०/
मग लाल रंग सोडून द्यावा काय? मुळीच नाही. १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियातील ब्लू माउंटन्स नेत्र-अभ्यासाने दाखवले, की लघुदृष्टी असलेल्यांत काचबिंदू इतरांच्या सुमारे दोन ते तीन पट आढळतो. म्हणजे ज्या डोळ्यांत यंत्र खोटी ओरड अधिक करते, त्याच डोळ्यांत खरा चोरही अधिक शिरतो. एका बाजूला विनाकारण आयुष्यभर थेंब घालण्याची शिक्षा, दुसऱ्या बाजूला कळेपर्यंत निसटलेली दृष्टी. या दोहोंमधील वाट काढणे हाच आजच्या संशोधनाचा गाभा आहे.

२१/
आता दुसरे गृहीतक : निरोगी कोण? शिवकालीन जमीन मोजणीची काठी पाच हात पाच मुठींची होती, हे आपण इतिहासात वाचतो. काठी हाताची म्हटली, की पहिला प्रश्न येतो, कोणाच्या हाताची? 'सिरस'च्या काठीसाठी १८ ते ८४ वयाची २८४ निरोगी माणसे मोजली गेली. त्यांत भारतीय वंशाची सुमारे एक टक्का, म्हणजे जेमतेम तीन. अशा नोंदींच्या आधारावर मुकुटबनचा डोळा 'सामान्य' की 'असामान्य' हे ठरणार.

२२/
आणि येथे नागपूर पुढे येते. २००६ ते २००८ या काळात नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटचे डॉ. विनय नांगिया आणि जर्मनीच्या हायडेलबर्ग विद्यापीठाचे योस्ट योनास यांनी 'सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी' हाती घेतली. नागपूरपासून सुमारे ४० किलोमीटरवरील आदिवासीबहुल पट्ट्यातील आठ खेडी निवडली. तीस वर्षांवरील ५,८८५ जणांपैकी ४,७११ जणांनी तपासणी करून घेतली. रुग्णालयात आलेल्यांची ही यादी नव्हती. संपूर्ण गावांची होती. विदर्भाचा शेतकरी आणि शेतमजूर जगाच्या नेत्रशास्त्रात अंकाने नोंदला गेला.

२३/
त्या गावांत सुमारे १७ टक्क्यांना लघुदृष्टी आढळली; तीव्र लघुदृष्टी मात्र एक टक्क्याहून कमी. आणि डोळ्याची सरासरी लांबी? २२.६ मिलिमीटर. यंत्राने गृहीत धरलेल्या २४.४६ पेक्षा जवळजवळ दोन मिलिमीटर आखूड. येथे आणखी एक भेद करावा लागतो : उतारवयात भिंगाचा गाभा घट्ट होऊ लागला, की डोळा न लांबताही चष्मा 'मायनस'कडे सरकतो. अशा वृद्धाला लघुदृष्टी असते, पण लांब डोळा नसतो. चष्म्याचा नंबर पाहून डोळ्याची लांबी ओळखता येत नाही. ती मोजावीच लागते.

२४/
हेच गणित आता उलटे करा. २२.६ मधून १.८२ गेले, उरले २०.७८. त्याला २२.६४ ने भागा : ०.९२. वर्तुळ आकसून ३.१८ मिलिमीटरचे झाले, चेतामुखाच्या जवळ आले, आणि तेथे थर जाड. ज्याचे ९५ भरायचे त्याचे १०३ भरतील. त्यातील दहा टक्के तंतू मेले, तरी यंत्र ९३ दाखवील आणि पट्टा निर्धास्त हिरवा राहील. हे ढोबळ गणित आहे, पण त्याची दिशा स्पष्ट आहे.

२५/
या धाग्याचे सार एवढेच. एकच काठी लांब डोळ्याला आजारी ठरवू शकते आणि आखूड डोळ्याचा आजार झाकू शकते. पुस्तकांत बुडालेला चष्मेवाला मुलगा खोट्या लाल रंगाने घाबरतो. त्याच घरातली, कधी शाळेत न गेलेली आजी खोट्या हिरव्या रंगाने निश्चिंत होते. दोघेही एकाच गावचे, एकाच यंत्रापुढे बसलेले.

२६/
जाणकार नेत्रवैद्य म्हणूनच एका रंगावर निकाल देत नाहीत. डोळ्याची लांबी मोजतात. चेतामुख स्वतः पाहतात. डोळ्यातील दाब आणि दृष्टिक्षेत्र तपासतात. पीतबिंदूजवळील पेशींचा थर पाहतात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्याच यंत्रावर काही महिन्यांनी पुन्हा मोजतात. लांब डोळ्याचा पातळ थर वर्षानुवर्षे जवळपास तसाच राहिला, तर तो त्या डोळ्याचा स्वभाव. वयाच्या मानाने अधिक वेगाने घटत गेला, तर तो रोग. माणसाची तुलना अनोळखी माणसांशी करण्यापेक्षा त्याच्या स्वतःच्या कालच्या आकड्याशी करणे अधिक न्याय्य ठरते.

२७/
तुमच्या घरी असा अहवाल असेल, तर तो फेकू नका. तारीख, यंत्राचे नाव आणि चष्म्याचा नंबर त्यावर लिहून जपून ठेवा. पुढच्या तपासणीस तोच सर्वांत मोलाचा दस्तऐवज ठरेल. डोळ्याची लांबी मोजली आहे काय, हे डॉक्टरांना अवश्य विचारा. चालू औषध मात्र त्यांच्या सल्ल्याशिवाय थांबवू नका.

२८/
इतिहासाच्या विद्यार्थ्याला कागद वाचताना पहिला प्रश्न शिकवला जातो : हे कोणी लिहिले, कोणासाठी लिहिले, कोणाला वगळून लिहिले? यंत्रातून निघालेला रंगीत कागदही त्याला अपवाद नाही. नागपूरजवळच्या आठ खेड्यांतील ४,७११ माणसे तपासणीला बसली, म्हणून विदर्भाच्या डोळ्याची लांबी आज जगाला ठाऊक आहे. चेतातंतूंच्या 'निरोगी' नोंदवहीत मुकुटबन, झरी, पाटणबोरीच्या माणसांची भर पडायची ती अद्याप बाकी आहे. ते काम तुमच्या पिढीचे.

(धागा समाप्त. शंका असतील तर खाली जरूर विचारा.)